बोर्ड बूट होत नाही? कार्ड पुन्हा लिहिण्याआधी हे तपासा

रास्पबेरी पाय, बीगलबोन ब्लॅक, ऑरेंज पाय हे छोटे बोर्ड मेमरी कार्डावरून सुरू होतात. बोर्ड सुरू झाला नाही की नवशिका माणूस लगेच कार्ड काढतो आणि इमेज (कार्यप्रणालीची तयार फाइल) पुन्हा लिहितो. तरी नाही चालला तर तिसऱ्यांदा लिहितो. संध्याकाळ यातच जाते, आणि दोष अ‍ॅडॉप्टरच्या बारीक केबलमध्ये असेल तर दहा वेळा लिहूनही तो तिथेच राहतो.

प्रोजेक्टच्या दिवसांत जेल रोडवरून बोर्ड, कार्ड आणि चार्जर घेऊन कामाला बसणाऱ्या इंदूरच्या विद्यार्थ्यांसाठी आणि हौशी लोकांसाठी हे लिहिलं आहे. एकच गोष्ट पक्की धरा: बूट होणं ही टप्प्यांची साखळी आहे. आधी वीज, मग चिपच्या आत कायमचा कोरलेला बूट रॉम, मग कार्डावरचा लोडर (कर्नल मेमरीत आणणारा छोटा प्रोग्रॅम), मग लिनक्सचा कर्नल (कार्यप्रणालीचा गाभा) आणि शेवटी रूट फाइलसिस्टिम (कार्यप्रणालीच्या बाकी फाइल जिथे असतात ती रचना). प्रत्येक टप्प्यावर अडकलेला बोर्ड वेगळी खूण दाखवतो. साखळी कुठे तुटली ते आधी ओळखायचं, मगच हात लावायचा, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची. कार्ड, केबल आणि इमेज तिन्ही एकदम बदलून बोर्ड चालला, तर कशामुळे चालला हे कधीच कळणार नाही.

हाताशी काय हवं

साधा डिजिटल मल्टीमीटर, बरा कार्ड रीडर, त्याच जातीच्या बोर्डावर चालतं हे ठाऊक असलेलं एक कार्ड, ३.३ व्होल्टचा यूएसबी-टीटीएल अ‍ॅडॉप्टर आणि फीमेल टोकांच्या चारपाच जम्पर वायर. यातला यूएसबी-टीटीएल अ‍ॅडॉप्टर बहुतेक जण घेत नाहीत, आणि तोच सगळ्यात जास्त वेळ वाचवतो. बोर्ड सुरू होताना जे संदेश पाठवतो ते तो लॅपटॉपवर दाखवतो. त्याच्याकडे पुढे येऊ.

पहिली पायरी: वीज

लाल दिवा लागला म्हणजे वीज पुरेशी आहे, असा अर्थ होत नाही. तो दिवा थोड्याशा करंटवरही लागतो. बोर्ड खरा करंट ओढतो तो सुरू झाल्यानंतर, कर्नल, वायफाय आणि यूएसबी जागे होतात तेव्हा. त्या क्षणी व्होल्टेज कोसळलं की कार्डाचं वाचन मध्येच तुटतं आणि दोष कार्डाचा आहे असं वाटतं.

रास्पबेरी पाय ३ ला ५.१ व्होल्ट २.५ अँपिअर, पाय ४ ला ५.१ व्होल्ट ३ अँपिअर आणि पाय ५ ला ५.१ व्होल्ट ५ अँपिअरचा अ‍ॅडॉप्टर लागतो. बीगलबोन ब्लॅकला ५ व्होल्टचा, २.१ मिलिमीटरच्या जॅकचा, मधली पिन पॉझिटिव्ह असलेला. राउटरचे १२ व्होल्टचे बरेच अ‍ॅडॉप्टर याच जॅकमध्ये नीट बसतात, त्यामुळे घालण्याआधी त्यावरचे आकडे वाचा.

मोबाइलच्या चार्जरवर ३ अँपिअर लिहिलेलं असलं तरी केबल घात करते. २८ गेजच्या (गेज म्हणजे जाडीचं माप, आकडा मोठा तितकी तार बारीक) तांब्याच्या तारेचा रोध मीटरमागे सुमारे ०.२१ ओहम असतो. एक मीटरच्या केबलमध्ये करंट जातो आणि परतही येतो, म्हणजे सुमारे ०.४३ ओहम. एक अँपिअर ओढला की ०.४३ व्होल्ट केबलमध्येच संपतात, आणि ५ व्होल्टच्या चार्जरमधून बोर्डापर्यंत ४.५७ पोहोचतात. रास्पबेरी पाय ४.६३ व्होल्टच्या आसपास खाली गेला की कमी व्होल्टेजची सूचना देतो, म्हणून हा चार्जर उत्तम असूनही नापास. २० गेजच्या तेवढ्याच केबलमध्ये सुमारे ०.०७ व्होल्टच जातात. जाड आणि आखूड केबल घ्या.

मोजमाप बोर्डावरच करा, चार्जरच्या टोकाशी नको. रास्पबेरी पायवर ४ नंबरच्या पिनवर ५ व्होल्ट आणि १४ नंबरवर ग्राउंड मिळतो. मल्टीमीटरची सळई थेट पिनांवर टेकवू नका. दोन जम्पर वायर पिनांवर घट्ट बसवा आणि त्यांच्या मोकळ्या टोकांवर मोजा. सळई सरकून १ आणि २ नंबरच्या पिना जोडल्या गेल्या, तर ३.३ व्होल्टच्या रेषेवर ५ व्होल्ट जातात आणि बोर्ड कायमचा जातो. बोर्ड सुरू होत असताना आकडा ४.८ च्या वर टिकला पाहिजे. यूएसबीत लावलेलं सगळं काढून पुन्हा मोजा. आकडा सुधारला आणि बोर्ड बूट झाला, तर कार्ड निर्दोष आहे.

बूट झालेल्या पायवर व्हीसीजेनसीएमडी या आज्ञेला गेट-थ्रॉटल्ड विचारता येतं. उत्तर शून्य आलं तर वीज ठीक आहे. पाच आणि पुढे चार शून्यं आली, तर आत्ता ठीक दिसत असलं तरी मघाशी व्होल्टेज पडलं होतं.

कार्ड खरं आहे का

जेल रोडवर, डॉलर मार्केटात किंवा ऑनलाइन, कुठेही घेतलेलं कार्ड वापरण्याआधी तपासा. नकली कार्डातला कंट्रोलर संगणकाला खोटी क्षमता सांगतो. वर ६४ जीबी छापलेलं असतं, आत ८ जीबीची मेमरी असते. यातली फसवी गोष्ट अशी, की असं कार्ड सुरुवातीला चालतं. इमेज दोनचार जीबीची असते, ती खऱ्या मेमरीत मावते. पण बऱ्याच इमेज पहिल्या बूटला रूट पार्टिशन (रूट फाइलसिस्टिमचा कार्डावरचा भाग) पूर्ण कार्डभर पसरवतात. मग फाइलसिस्टिम प्रत्यक्षात नसलेल्या जागेतही नोंदी लिहायला लागते, त्या नोंदी हवेत विरतात किंवा जुन्या माहितीवर चढतात, आणि दुसऱ्या-तिसऱ्या बूटला बोर्ड अडकतो. ‘काल चालत होता, आज नाही’ या तक्रारीमागे हे कारण असू शकतं.

तपासायला लिनक्सवर एफ३ आणि विंडोजवर एचटूटेस्टडब्ल्यू हे फुकट प्रोग्रॅम आहेत. दोन्ही कार्ड पूर्ण भरून परत वाचतात. ३२ जीबीच्या साध्या कार्डाला तासाभराहून जास्त लागू शकतो. तेवढा वेळ द्या, आणि तपासणी होईपर्यंत पक्कं बिल सांभाळून ठेवा.

क्षमतेचा मोह नको. शिकण्यासाठी १६ किंवा ३२ जीबी पुष्कळ. ३२ जीबीपर्यंतची कार्डं फॅट३२ मध्ये येतात, त्याहून मोठी एक्सफॅटमध्ये. इमेज लिहिताना जुनी रचना पुसली जाते, म्हणून तिथे फरक पडत नाही. पण ज्या बोर्डांवर फाइल नुसती कॉपी करून बूट करायचं असतं, तिथे मोठं कार्ड जसंच्या तसं वापरलं तर रॉमला एक्सफॅट वाचताच येत नाही. कार्डावर ए१ अशी खूण असेल तर बघून घ्या. तिचा अर्थ सेकंदाला किमान १५०० छोटी वाचनं आणि ५०० छोटी लेखनं. कार्यप्रणाली चालवताना हाच वेग कामाला येतो.

मायक्रोएसडीच्या मागे आठ सोनेरी पट्ट्या असतात. बोटांचा घाम आणि पावसाळ्यातली ओल त्यांवर थर जमवतात. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये किंचित ओला केलेला मऊ कपडा फिरवा, वाळू द्या, मग कार्ड खाचेत दोनतीनदा आत-बाहेर करा. खोडरबराने घासू नका, सोन्याचा मुलामा फार पातळ असतो.

इमेज लिहिताना होणाऱ्या चुका

लिहिण्यासाठी रास्पबेरी पाय इमेजर किंवा बलेना एचर वापरा. डाउनलोड झालेल्या फाइलचा शा२५६ आकडा (फाइल वाटेत बिघडली नाही ना हे सांगणारा) संकेतस्थळावरच्या आकड्याशी जुळवा. विंडोजमध्ये सर्टयुटिल ही आज्ञा तो काढून देते. लिहून झाल्यावर येणारा पडताळणीचा टप्पा रद्द करू नका. पडताळणी नापास झाली तर रीडर बदलून एकदा बघा. दुसऱ्या रीडरवरही नापास झाली तर ते कार्ड टाकून द्या.

इमेज झिप किंवा एक्सझेड फाइलमध्ये येते. वरचे दोन्ही प्रोग्रॅम ती आपोआप उलगडतात. डीडी या जुन्या आज्ञेने लिहिणार असाल तर आधी उलगडावी लागते आणि पूर्ण कार्डावर लिहावी लागते, त्यातल्या पहिल्या पार्टिशनवर नव्हे. लिनक्समध्ये एसडीबी म्हणजे अख्खं कार्ड आणि एसडीबी१ म्हणजे त्यातला एक तुकडा. नावाच्या शेवटी तो १ चुकून तसाच ठेवला की सगळं लिहिलं जातं, पण जागेवरून सरकून, आणि रॉमला काहीच सापडत नाही. डीडी चालवण्याआधी डिस्कची नावं आणि आकार दोनदा बघा. चुकीचं नाव दिलं तर लॅपटॉपचीच डिस्क पुसली जाते.

आता विंडोजची खोड. लिहून झाल्यावर ‘डिस्क फॉरमॅट करायची का?’ असा प्रश्न येतो. लिनक्सचं ईएक्सटी४ पार्टिशन विंडोजला वाचता येत नाही, म्हणून तो प्रश्न. उत्तर नेहमी नाही. हो म्हटलं की नुकतीच लिहिलेली रूट फाइलसिस्टिम पुसली जाते. तसंच ३२ जीबीचं कार्ड आता फक्त २५६ किंवा ५१२ एमबीचं दिसतंय म्हणून घाबरू नका. तेवढं बूटचं पार्टिशन आहे, बाकीचं विंडोजला दिसत नाही.

इमेज त्याच बोर्डाची आहे ना, हेही बघा. ६४ बिटची इमेज पहिल्या पायवर किंवा मूळ पाय झिरोवर चालणार नाही. पाय ५ ला २०२३ मधली बुकवर्म किंवा त्यानंतरची इमेज हवी. ऑरेंज पायची इमेज तर मॉडेलनुसार वेगळी असते, नावातला एक शब्द चुकला तरी बोर्ड गप्प राहतो.

रॉम नेमकं काय शोधतो

हा भाग नीट समजला की अर्धी कोडी सुटतात. चिपमधला बूट रॉम फार साधा असतो. त्याला ठरलेली एक जागा किंवा फाइलचं ठरलेलं एक नाव माहीत असतं. तिथे हवं ते नसेल तर तो काही समजावून सांगत बसत नाही.

रास्पबेरी पाय ३ पर्यंतचे बोर्ड पहिल्या फॅट पार्टिशनमध्ये बूटकोड.बिन ही फाइल शोधतात, तिच्यानंतर स्टार्ट.ईएलएफ. म्हणून या बोर्डांवर फाइल कॉपी करूनही दुरुस्ती होते. पाय ४ पासून सुरुवातीचा लोडर बोर्डावरच्याच ईईप्रॉम या छोट्या मेमरीत असतो. पाय ४ किंवा ५ कार्डाशिवाय लावून पडदा जोडला (पाय ४ वर वीज येते त्या टोकाजवळच्या एचडीएमआयला), तर लोडरची माहिती पडद्यावर दिसायला हवी. दिसली, तर बोर्ड ठणठणीत आहे. नाहीच दिसली, तर इमेजरच्या यादीतून बूटलोडर दुरुस्तीची इमेज कार्डावर लिहा आणि बोर्ड सुरू करा. दुरुस्ती झाली की पडदा हिरवा होतो आणि हिरवा दिवा भराभर लुकलुकतो.

बीगलबोन ब्लॅक एमएलओ नावाची फाइल शोधतो, आणि तिचं फॅट पार्टिशन बूट होण्याजोगं म्हणून खूण केलेलं असावं लागतं. शिवाय हा बोर्ड आधी स्वतःच्या ईएमएमसीकडे (बोर्डावरच बसवलेल्या मेमरीकडे) जातो. नवं कार्ड घालूनही जुनीच प्रणाली सुरू होते ती यामुळे. कार्डाच्या खाचेजवळचं एस२ बटण दाबून धरा आणि मग वीज जोडा. रीसेट बटण दाबून हे जमत नाही, कारण एस२ ची स्थिती फक्त वीज येतानाच वाचली जाते.

ऑलविनर चिपचे बोर्ड, म्हणजे बरेचसे ऑरेंज पाय, फाइल शोधतच नाहीत. ते कार्डाच्या सुरुवातीपासून ८ केबीवर, १६ व्या सेक्टरला, थेट लोडर वाचतात. रॉकचिपचे आरके३३२८, आरके३३९९, आरके३५८८ हे ६४ व्या सेक्टरला, ३२ केबीवर बघतात. एनएक्सपीच्या आयएमएक्स६ ची जागा १ केबीवर आहे. या जागा पहिल्या पार्टिशनच्या आधी येतात, म्हणून कोणत्याही फाइल एक्सप्लोररमध्ये दिसत नाहीत. चालत्या कार्डाच्या सगळ्या फाइल दुसऱ्या कार्डावर कॉपी केल्या तरी ते बूट होत नाही, कारण लोडर फाइलमध्ये नव्हताच.

ऑलविनरमध्ये आणखी एक खड्डा आहे. कार्डावर जीपीटी पद्धतीची पार्टिशन यादी बनवली, तर ती ३३ व्या सेक्टरपर्यंत पसरते आणि १६ व्या सेक्टरवरच्या लोडरवर चढते. अशा कार्डावर जुनी एमबीआर पद्धत वापरा. लोडर आहे की नाही हे बघायचं असेल, तर हेक्स संपादकात कार्ड उघडून ८ केबीच्या जागी जा. पहिले चार बाइट सोडले की रोमन लिपीत ‘ईजीओएन’ ही अक्षरं दिसली पाहिजेत.

दिवे वाचा

रास्पबेरी पायचा हिरवा दिवा ठरलेल्या संख्येत लुकलुकतो. अंधाऱ्या कोपऱ्यात बघा आणि दोनतीन फेऱ्या मोजून खात्री करा. चार छोटे लुकलुकाट म्हणजे स्टार्ट फाइल सापडली नाही, सात म्हणजे कर्नल सापडला नाही, आठ म्हणजे बोर्डाच्या रॅममध्येच दोष. दोन लांब आणि एक छोटा म्हणजे पार्टिशन फॅट नाही. दोन लांब आणि दोन छोटे म्हणजे पार्टिशन सापडलं पण वाचता आलं नाही. इथे कार्डावर संशय घ्या. पाय ३ वर हिरवा दिवा एकदाही हलला नाही, तर कार्ड वाचलंच गेलेलं नाही. पडद्यावर इंद्रधनुषी चौकोन येऊन तिथेच थांबला, तर लोडर चालला आणि कर्नलजवळ गाडी अडली.

सीरियल कन्सोल: बोर्डाचं बोलणं ऐका

यूएसबी-टीटीएल अ‍ॅडॉप्टरच्या तीनच तारा जोडायच्या. रास्पबेरी पाय ४ पर्यंत ६ नंबरची पिन ग्राउंड, ८ नंबरची पाठवणारी, १० नंबरची ऐकणारी. बोर्डाची पाठवणारी पिन अ‍ॅडॉप्टरच्या ऐकणाऱ्या पिनला, आणि उलट. अ‍ॅडॉप्टरची व्होल्टेजची तार मोकळी सोडा. अ‍ॅडॉप्टरवर ५ आणि ३.३ असा जम्पर असेल तर तो ३.३ वर हवा, कारण ५ व्होल्टचा इशारा पिन जाळतो. बीगलबोन ब्लॅकला यासाठी सहा पिनांचा वेगळा जे१ कनेक्टर आहे: १ ग्राउंड, ४ ऐकणारी, ५ पाठवणारी. पाय ५ वर तीन पिनांचा स्वतंत्र कनेक्टर मिळतो.

लॅपटॉपवर पुटी किंवा मिनिकॉम उघडा. वेग ११५२००, आठ बिट, पॅरिटी नाही, एक स्टॉप बिट, फ्लो कंट्रोल बंद. रॉकचिपचे बोर्ड मात्र बहुधा १५००००० वेगाने बोलतात, आणि जुनी सीपी२१०२ चिप तिथवर पोहोचत नाही. त्यासाठी सीएच३४० किंवा एफटी२३२ चिपचा अ‍ॅडॉप्टर घ्या. पायवर कॉन्फिग फाइलमध्ये एनेबल-यूआर्ट समोर १ लिहावं लागतं.

आता वीज द्या आणि वाचा. कचरा अक्षरं आली तर वेग चुकलाय. बीगलबोनवर इंग्रजी ‘सी’ हे अक्षर एकामागून एक येत राहिलं, तर रॉमला कार्डावर एमएलओ मिळालं नाही आणि तो सीरियलवरून लोडर मागतोय. यू-बूटने (बऱ्याच बोर्डांवरचा लोडर) ‘कार्ड डिड नॉट रिस्पॉन्ड टू व्होल्टेज सिलेक्ट’ म्हटलं, तर कार्डाशी बोलणंच झालं नाही: पट्ट्या, खाच, वीज या क्रमाने बघा. ‘स्टार्टिंग कर्नल’ म्हणून पुढे शांतता असेल, तर कन्सोलची नेमणूक किंवा डिव्हाइस ट्री फाइल (बोर्डावर कोणतं हार्डवेअर आहे ते कर्नलला सांगणारी) चुकीची असण्याची शक्यता मोठी.

कर्नल सुरू होऊन पॅनिकला गेला (चूक दाखवून थांबला), तर कंसातले दोन आकडे महत्त्वाचे. रूट फाइलसिस्टिम सापडत नाही असं सांगताना (०,०) आलं, तर सांगितलेलं पार्टिशन कर्नलला दिसलंच नाही. कमांडलाइन फाइलमधला पार्टयूयूआयडी (पार्टिशनचा ओळख क्रमांक) कार्डाशी जुळवा, आणि ती फाइल एकाच ओळीत आहे ना बघा. मध्ये एंटर दाबला गेला तर पुढचं सगळं वाया जातं. (१७९,२) आलं, तर कार्डाचं दुसरं पार्टिशन सापडलं पण आतली रचना बिघडली आहे. कार्डाच्या चुकांमध्ये उणे ११० म्हणजे कार्डाने वेळेत उत्तर दिलं नाही, उणे ८४ म्हणजे उत्तर आलं पण वाटेत खराब झालं. उणे ८४ वारंवार येत असेल तर कार्डापेक्षा खाच आणि एक्स्टेन्शन केबल आधी बघा.

पहिल्यांदा चालतो, रीबूटला अडकतो

वेगवान कार्डं ३.३ व्होल्टच्या इशाऱ्यांवर सुरू होतात आणि नंतर १.८ वर जातात. काही बोर्डांवर रीबूट करताना कार्डाची वीज तुटत नाही. कार्ड १.८ वर राहतं, रॉम ३.३ वर बोलतो, आणि दोघांचं जमत नाही. वीज पूर्ण काढून दहा सेकंदांनी लावल्यावर दर वेळी चालत असेल तर हेच कारण धरा. कार्डाची दुसरी जात वापरून बघा, किंवा डिव्हाइस ट्रीमध्ये १.८ चा पर्याय बंद करा.

काही दिवस चालून बंद पडतो

गणपतीच्या देखाव्यातले दिवे चालवणारा बोर्ड रोज रात्री मेन स्विच पाडून बंद होतो. लिहिणं चालू असताना वीज गेली की फाइलसिस्टिम अर्धवट राहते. आधी शटडाउनची आज्ञा, हिरवा दिवा शांत होईपर्यंत थांबणं, मग स्विच. माणसांकडून हे दर वेळी होणार नसेल, तर पायच्या रास्पी-कॉन्फिगमधलं ओव्हरले फाइलसिस्टिम चालू करा. मग सगळं लिहिणं रॅममध्ये होतं आणि कार्डाला धक्का लागत नाही. देखाव्यासाठी हाच उपाय योग्य, कारण तिथे काही साठवायचं नसतं. गच्चीवरच्या हवामान यंत्रासारखं काही असेल, तर नोंदी यूएसबी ड्राइव्हवर लिहा.

बिघडलेलं ईएक्सटी४ पार्टिशन दुसऱ्या लिनक्स संगणकावर, माउंट न करता, एफएससीके ही दुरुस्तीची आज्ञा चालवून दुरुस्त होतं. आत मोलाची माहिती असेल तर आधी डीडीरेस्क्यूने कार्डाची पूर्ण प्रत काढा आणि दुरुस्ती प्रतीवर करा. केलेला बदल रीबूटनंतर नाहीसा होत असेल, फाइल पुसली तरी परत येत असेल, तर कार्डाचं आयुष्य संपलं आहे. त्याने लिहिणं थांबवलंय आणि तसं सांगतही नाही. त्यावर फॉरमॅटचे प्रयोग करू नका.

बोर्ड मनासारखा चालू झाला की त्याच दिवशी कार्डाची इमेज लॅपटॉपवर काढून ठेवा. ३२ जीबी छापलेली दोन कंपन्यांची कार्डं काही एमबींनी लहान-मोठी असतात, आणि मोठ्याची इमेज लहानावर मावत नाही. म्हणून रूट पार्टिशन पसरवताना शेवटी एखाद जीबी जागा मोकळी सोडा, आणि इमेज काढताना त्या मोकळ्या जागेच्या आधीच थांबा.